सोडत बंद झाल्यावर: ग्रेट डॉडफर्डच्या चार एकरांचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधल्या वूस्टरशरचं, ब्रॉम्सग्रोव्ह गावाजवळच्या ग्रेट डॉडफर्ड या लहानशा वस्तीचं. काळ १८४८ ते १८९० च्या दशकापर्यंतचा. सार्वजनिक नोंदीतली माणसं नावानिशी आली आहेत. तिथं जमीन घेऊन राहिलेल्या साध्या कुटुंबांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

पार्श्वभूमी

खेड्यातला शेतकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सातबारावर नाव असलेला माणूस येतो. दोन एकरवाला असो की वीस एकरवाला, जमीन त्याची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी खेड्यात हा माणूस शोधूनही मिळणं कठीण होतं. वर जमीनदार, गावाच्या बहुतेक शेतीचा मालक. मधे त्याचा कूळ, म्हणजे शे-दोनशे एकर भाड्यानं घेऊन पगारी माणसांकडून कसून घेणारा फार्मर. आणि खाली मजूर, ज्याच्या नावावर परसातल्या कोबीच्या वाफ्याखेरीज काही नाही. बऱ्याचदा तो राहायचा ते घरही फार्मरचं किंवा जमीनदाराचं. काम गेलं की छप्परही गेलं. १८७३ साली सरकारनं जमीनमालकांची गणती केली. तिच्यातून दिसलं की ब्रिटनची सुमारे चार-पंचमांश जमीन सात हजारांहूनही कमी मालकांकडे होती.

गायरानं तोवर बहुतेक ठिकाणी कुंपणात गेली होती. गाय चारायला, सरपण तोडायला गावाची म्हणून जी जागा असायची ती वाटून संपली होती. शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंगांच्या, म्हणजे अर्ध्या पौंडाच्या, आसपास मिळायचे. १८३४ च्या गरीब-कायद्यानंतर निराधाराला घरी बसून मदत मिळणं अवघड झालं. वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी गरीबखान्यात, जायचं आणि तिथं नवरा-बायकोनं वेगवेगळ्या दालनांत राहायचं. मजूर या वर्कहाउसला तुरुंगाइतका भ्यायचा.

गंमत अशी, की त्याच सुमारास इकडे मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी शेतं मोजून, कसणाऱ्याच्या नावे खातं लावून त्याच्याकडून थेट सारा घ्यायची पद्धत बसवत होते. त्यांचा १८४७ चा अहवाल आपल्याकडच्या जमीन-इतिहासात अजून वाचला जातो. त्या पद्धतीतल्या साऱ्यानं आणि सावकारानं पुढे काय केलं हा वेगळा विषय. पण निदान कागदावर कसणाऱ्याचं नाव लागत होतं. त्यांच्या स्वतःच्या देशातल्या मजुराला तेवढंही नव्हतं.

योजना

या पार्श्वभूमीवर फर्गस ओकॉनर हा आयरिश पुढारी उभा राहिला. चार्टिस्ट चळवळीचा तो सर्वात गाजलेला वक्ता. प्रत्येक सज्ञान पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदाराला पगार अशा मागण्या घेऊन ही कामगारांची चळवळ उभी होती. १८४५ साली त्यानं एक जमीन कंपनी काढली. कल्पना सोपी होती आणि त्यामुळेच लोकांच्या मनात बसली. कामगारांनी थोडे थोडे पैसे भरायचे, कंपनीनं मोठी इस्टेट घ्यायची, तिचे दोन, तीन आणि चार एकरांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकावर घर बांधायचं आणि सोडत काढून ते सभासदांना द्यायचे. गिरणीतून सुटून माणूस आपल्या जमिनीवर आपला धनी होणार. शिवाय वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल, तर त्या काळच्या कायद्यानं काउंटीत (जिल्ह्यात) मतही मिळणार.

एक शेअर १ पौंड ६ शिलिंगांचा. दोन एकर हवे तर दोन शेअर, चार हवे तर चार. आठवड्याला काही पेन्स देऊनही चालायचं. नंबर लागला की घर, जमीन आणि वर उभं राहायला रोख मदत: दोन एकरवाल्याला १५ पौंड, चार एकरवाल्याला ३०.

आपल्याकडच्या सोडतीच्या भिशीत बसलेल्या कुणालाही हा व्यवहार लगेच कळेल. फरक इतकाच की भिशीत बारा जण असले तर बारा महिन्यांत सगळ्यांचा नंबर लागतो. इथे सभासद झाले सत्तर हजारांच्या आसपास.

पहिली वसाहत हर्टफर्डशरमध्ये हेरन्सगेटला झाली, १०३ एकरांवर, आणि १ मे १८४७ रोजी लोक राहायला आले. त्याआधीच तिथं यात्रेसारखी गर्दी उसळली होती आणि वसाहतीसाठी घेतलेली रिबेका नावाची गाय मिरवली गेली होती. ओकॉनरला वसाहतीत दारू नको होती, तेव्हा हद्दीला लागून बाहेर दारूचं दुकान निघालं. नाव ठेवलं 'लँड ऑफ लिबर्टी, पीस अँड प्लेंटी'. मग ग्लॉस्टरशरच्या सीमेवर लोबँड्स आणि स्निग्ज एंड, ऑक्सफर्डशरमध्ये मिन्स्टर लव्हेलजवळ चार्टरव्हिल, आणि शेवटची ग्रेट डॉडफर्ड.

अडचण

डॉडफर्डची जमीन कंपनीनं १८४८ साली घेतली. सुमारे २८० एकर, किंमत दहा हजार पौंडांच्या थोडी वर. म्हणजे एकरी साधारण ३६-३७ पौंड.

इथं कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं. चार एकरांची नुसती जमीनच १४६ पौंडांच्या घरात. त्यात ३० पौंडांची मदत मिळवली की १७६. चार एकरवाल्या सभासदानं पूर्ण भरणा केला तरी कंपनीकडे येणार ५ पौंड ४ शिलिंग. म्हणजे घराच्या विटा, रस्ते, विहिरी, वकील काही न धरता एकाला वसवायला तेहेतीस-चौतीस जणांचे पैसे लागणार. उरलेल्यांचं काय? ओकॉनरचं उत्तर होतं की वसवलेली इस्टेट गहाण टाकायची, त्या पैशातून पुढची घ्यायची, ती गहाण टाकून त्यापुढची. साखळी चालती राहिली तर हळूहळू सगळ्यांचा नंबर लागेल. पण गहाण घेणारा सावकार तुमचं स्वप्न बघत नाही, जमिनीचा भाव बघतो. तुकडे पाडून खास घरं बांधलेल्या इस्टेटीला बाजारात तितका भाव नव्हता. त्यात मालकी ओकॉनरच्या नावावर, हिशेब विस्कळीत, आणि कंपनीची नोंदणी कोणत्याच कायद्यात नीट बसेना.

१८४८ साल युरोपभर उलथापालथीचं. लंडनच्या केनिंग्टन कॉमनवर १० एप्रिलला चार्टिस्टांची प्रचंड सभा झाली, सरकार धास्तावलं. याच वर्षी संसदेतल्या काही निवडक खासदारांची समिती जमीन कंपनीची चौकशी करायला बसली. समितीला ओकॉनर चोर वाटला नाही. उलट हिशेब जुळवल्यावर कंपनीच त्याचं देणं लागते असं निघालं. पण योजना बेकायदा ठरली. त्यातला डॉडफर्डला थेट लागू होणारा मुद्दा हा, की सभासदांतून सोडत काढून जमीन देणं म्हणजे लॉटरी, आणि लॉटरीला मनाई.

तोवर डॉडफर्डची जमीन ताब्यात होती. तुकडे पाडायचं, घरं बांधायचं काम काढलं होतं. फक्त ती द्यायची कोणाला आणि कशी, हे सांगणारा नियमच उडाला होता.

समोर कोणते मार्ग होते

हे पर्याय त्या वेळी कुणी असे ओळीनं लिहून ठेवले नव्हते. परिस्थितीवरून ते असे दिसतात.

जमीन आहे तशी विकून मोकळं व्हायचं, हा सर्वात साधा मार्ग. सभासदांना थोडंफार परत मिळालं असतं. पण चळवळीच्या दृष्टीनं ती सपशेल माघार, आणि ओकॉनर माघार घेणाऱ्यांतला नव्हता.

ज्यानं आधी पैसे भरले त्याला आधी, असा ज्येष्ठतेचा नियम लावता आला असता. तो सरळ होता, आणि त्याला लॉटरी म्हणणं कठीण होतं. अडचण एकच. कंपनीला त्या घडीला रोख पैसा हवा होता आणि ज्येष्ठता रोख आणत नाही.

शेतीची माहिती असलेल्यांना आधी द्यायचं, हा माझ्या मते सर्वात शहाणा पर्याय. तो फारसा कुणाच्या मनातही आला नसावा. गिरणीतला विणकर चार एकरांवर सुखी होतो हाच तर मूळ दावा. ज्याला फावडं धरता येतं त्याला आधी द्या म्हटलं, तर बाकीच्यांना फावडं धरता येत नाही हे कबूल करणं आलं.

आणि चौथा मार्ग म्हणजे जो जास्त आगाऊ रक्कम ठेवेल त्याला आधी जागा.

काय केलं

चौथा मार्ग घेतला. सभासदांकडून आगाऊ रकमा मागवल्या आणि मोठी रक्कम देणाऱ्यांना तुकडे दिले. हा जवळपास लिलावच. गरिबाला नशिबानं तरी जमीन मिळावी म्हणून जी योजना निघाली, तिची शेवटची वसाहत पैसेवाल्यांना मिळाली. पैसेवाले म्हणजे काही सरदार नव्हेत. थोडी शिल्लक गाठीला असलेले कारागीर, दुकानदार अशा थरातले. पण आठवड्याला तीन पेन्स भरून नंबराची वाट बघणाऱ्याला या दारातून आत जाता येणार नव्हतं.

२ जुलै १८४९ रोजी डॉडफर्डचे तुकडे लोकांच्या ताब्यात गेले. चाळीसेक घरं, सरळ आखलेल्या अरुंद गल्ल्यांच्या कडेनं, प्रत्येक घर आपापल्या रानात.

त्यांतलं एक घर, रोझडीन, आज नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं जपून ठेवलं आहे, त्यामुळे रचना नेमकी सांगता येते. विटांचं, एकमजली. दर्शनी बाजूला तीन खोल्या: मधे चुलीची बैठकीची खोली, दोन्ही अंगांना निजायच्या. मागच्या पडवीत धुण्याभांड्याची जागा, दुधाची थंड खोली, आणि पाण्याचा पंप. पंप घरात. त्या काळच्या मजुराची बायको गावच्या विहिरीवरून बादल्या वाहत असे, हे लक्षात घेतलं तर या पंपाचं मोल कळतं. जमिनीच्या हिशेबात ओकॉनर चुकला असेल, पण घर कसं असावं हे त्याला कळत होतं. बऱ्याच जमीनदारांनी मजुरांसाठी बांधलेल्या घरांपेक्षा ही घरं चांगली होती.

जमीन मात्र घरासारखी नव्हती. डॉडफर्डची माती भारी, चिकण. पावसाळी हिवाळ्यात फावड्याला लोळे चिकटावेत आणि उन्हाळ्यात तिनं भेगाळावं अशी. ओकॉनरचा भर नांगरावर नव्हे, फावड्यानं खोल खणून करायच्या शेतीवर. गहू, बटाटा, एक गाय, डुकरं, आणि घर चालून वर शिल्लक. चार एकर म्हणजे आपले १६० गुंठे. एवढं रान दोन हातांनी, चिकणमातीत, फावड्यानं उलटायचं हे ज्यानं कधी गुंठाभर तरी खणलं आहे त्यानं मनात आणून बघावं. त्यात १८४५ पासून बटाट्यावर करपा फिरत होता. १८४६ साली धान्यावरची आयातबंधनं उठवायचा कायदा झाल्यानं गव्हाच्या जुन्या चढ्या भावाचा भरवसा राहिला नव्हता. आणि ताबा मिळाला जुलैत, बटाट्याच्या लावणीची वेळ टळून गेल्यावर. पहिलं धड पीक हाती यायला पुढचा उन्हाळा उजाडणार, तोवर गाठीचं मोडून खायचं.

काय झालं

दरम्यान कंपनीच कोसळली. १८५१ साली संसदेनं कायदा करून ती गुंडाळली आणि इस्टेटींचा निकाल चॅन्सरी कोर्टाकडे गेला. सत्तर हजारांतल्या जेमतेम अडीचशे जणांना जमीन मिळाली होती. ओकॉनरचं मन १८५२ साली पार ढासळलं, त्याला चिझिकच्या मनोरुग्णालयात ठेवलं, १८५५ मध्ये तो गेला.

चार्टरव्हिलची गोष्ट इथं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. तिथली इस्टेट ५,००० पौंडांना गहाण होती. लोक सोडतीनं आलेले, पुष्कळसे दूरच्या औद्योगिक शहरांतले. गहाणदारानं जमीन मागितली, भाड्यावरून खटले झाले आणि काही वर्षांतच मूळचे बहुतेक जण निघून गेले.

डॉडफर्डला तसं झालं नाही. इथल्या लोकांचा स्वतःचा पैसा जमिनीत अडकलेला होता. तो सोडून जाणं जिवावर येत होतं आणि पहिली वाईट वर्षं काढायला थोडं बळही होतं. कंपनी मिटवण्याच्या प्रक्रियेतून त्यांचे हक्क शेवटी पक्के झाले. पण नुसतं टिकून राहिल्यानं पोट भरत नाही. गहू-बटाट्यावर चार एकरांत भागत नाही हे त्यांना लवकर उमगलं. मग ते हळूहळू मळ्याकडे वळले: भाजीपाला, लसूण आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे स्ट्रॉबेरी.

जी ओलावा धरणारी माती गव्हाला जड जात होती तीच स्ट्रॉबेरीला मानवली. या पिकाला एकर थोडे लागतात, हात पुष्कळ लागतात. लावणी, तण काढणं, फळ चिखलाला लागू नये म्हणून खाली पेंढा अंथरणं, आणि मग जून-जुलैचे ते थोडे आठवडे, जेव्हा फळ एक दिवससुद्धा थांबत नाही. तोडायचं, टोपल्या भरायच्या आणि गाडीनं बर्मिंगहॅमच्या बाजारात पोचवायच्या. अंतर वीसेक किलोमीटर. लाखो खाणाऱ्यांचं कारखान्यांचं शहर इतक्या जवळ, हे डॉडफर्डचं खरं भाग्य. ते ओकॉनरच्या कुठल्याच गणितात नव्हतं.

लसूण वूस्टरला ली अँड पेरिन्सच्या सॉसच्या कारखान्यात जायचा असं सांगतात. या सॉसची कृती एका साहेबानं बंगालमधून आणली अशी जी दंतकथा आहे तिला पुरावा नाही, पण डॉडफर्डच्या चिकणमातीतला लसूण त्या बाटलीत गेला असेल ही कल्पना मला आवडते.

स्ट्रॉबेरीचा हंगाम म्हणजे गावची जत्रा. पण त्या टोपल्या भरत कोण होतं? ब्रॉम्सग्रोव्हच्या आसपास घराघरांत हातानं खिळे ठोकायचा धंदा होता. यंत्राचे खिळे आल्यावर तो मरणपंथाला लागला. त्या खिळेवाल्यांच्या बायका आणि मुलं उन्हाळ्यात तोडणीला डॉडफर्डला यायची. मजुराला मालक करायला निघालेल्या योजनेतले मालक आता हंगामात मजूर लावत होते. याला कुणी योजनेचं यश म्हणेल, कुणी थट्टा. मला ते दोन्ही वाटतं.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा योजनेच्या जन्मातच आहे. वर केलेला तेहेतीस-चौतीस जणांचा हिशेब करायला कुठल्या विशेष ज्ञानाची गरज नव्हती. कंपनीच्या गावोगावच्या शाखेतल्या एखाद्या दुकानदारानं सुद्धा तो संध्याकाळी बसून केला असता, आणि काहींनी शंका काढल्याही. सभासदसंख्या हजार-दोन हजारांवर थांबवली असती तर योजना लहान राहिली असती, पण शब्द पाळता आला असता. ती थांबवली नाही याचं कारण पैशाचा लोभ नव्हे असं समितीच्या निकालावरूनही दिसतं. कारण राजकीय होतं. ओकॉनरला लहान तुकड्यांची शेती जितकी हवी होती तितकीच संख्याही हवी होती.

दुसरी जागा सोडतीची. सोडत ही सर्वात न्याय्य पद्धत वाटते, कारण तिच्यात कुणी कुणाला झुकतं माप देत नाही. पण ती माणूस आणि जमीन यांची जोडी आंधळेपणानं लावते. दुसरीकडे डॉडफर्डची आगाऊ रकमेची पद्धत तत्त्वाला काळिमा लावणारी होती, आणि इतरांपेक्षा चांगली टिकलेली वसाहत मात्र तीच. यावरून 'पैसेवाल्यालाच जमीन द्यावी' असा निष्कर्ष काढणं मला चूक वाटतं. रकमेनं दोन कामं एकदम केली: पहिली दोन-तीन वर्षं काढायचं भांडवल आणि सहज उठून न जाण्याचं कारण. ही दोन्ही कामं वेगळ्या रीतीनं करता आली असती. तीस पौंड एकदम हातात ठेवण्याऐवजी पहिली दोन पिकं येईपर्यंत हप्त्यानं आधार आणि त्या काळात भाडं माफ. तुकड्याचा हक्क सुरुवातीपासून कसणाऱ्याच्या नावे. चार्टरव्हिलच्या माणसाला आपण कूळ आहोत, मालक आहोत की पाहुणे, हेच नीट कळत नव्हतं. उद्या हातचं जाईल अशा रानात शेणखत कोण घालतो?

तिसरी जागा पिकाची, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं गेलं. लंडनमध्ये बसून सगळ्या मातींसाठी एकच पीकयोजना ठरली. डॉडफर्डच्या शेजारी जुने शेतकरी होते. ही माती कशाला चालते हे त्यांना विचारायला एक दुपार पुरली असती. ते न विचारल्यानं स्ट्रॉबेरीपर्यंतचा रस्ता लोकांनी स्वतः चुकतमाकत काढला.

ताबा मार्चआधी द्यायचा की जुलैत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. माझ्या लेखी तो क्षुल्लक नाही. कंपनीच्या बाजूनं तीन-चार महिन्यांचा उशीर, पण कुटुंबाच्या बाजूनं अख्खा हंगाम.

याच भागात चाळीसेक वर्षांनी हाच खेळ पुन्हा मांडला गेला. बर्मिंगहॅमचे जेसी कॉलिंग्ज 'तीन एकर आणि एक गाय' ही घोषणा घेऊन राजकारणात उतरले होते. १८९२ साली काउंटी कौन्सिलांना जमीन घेऊन लहान तुकड्यांनी द्यायची परवानगी देणारा कायदा झाला. त्या कायद्याखाली वूस्टरशर कौन्सिलनं डॉडफर्डपासून जवळच, कॅट्सहिलला, शेत विकत घेतलं. सोडत नव्हती, सत्तर हजार वाटेकरी नव्हते, गहाणांची साखळी नव्हती. तुकडे घेणारे होते तिथलेच खिळेवाले, आणि त्या रानांतही स्ट्रॉबेरी लागली. ती कशी लावायची आणि कशी तोडायची हे या लोकांना कुणी शिकवावं लागलं नसणार. डॉडफर्डच्या बांधावर टोपल्या भरत त्यांचे कितीतरी उन्हाळे गेले होते.